कोड पी०१७१: एका हॅचबॅकच्या इंधन यंत्रणेच्या प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गाडी सकाळी साडेनऊला धायरीच्या गॅरेजमध्ये लागली. २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, मल्टीपॉइंट इंजेक्शन, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, मीटरवर ९६,४१२ किलोमीटर. पुण्यात बीएस-४ हे प्रदूषण मानक एप्रिल २०१० पासून लागू झाल्यामुळे गाडी त्याच मानकाची आहे.

मालक निवृत्त शिक्षक आहेत आणि महिन्यातून एकदा मुलीकडे साताऱ्याला जातात. तक्रार त्यांनी घरूनच कागदावर लिहून आणली होती: खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम सोडते, सकाळी पहिली पाच मिनिटे आयडलिंग थरथरते, ॲव्हरेज १७ वरून १४ वर आले आहे, चेक इंजिनचा दिवा दोनदा घालवला तरी परत लागतो. ‘गाडी नीट चालत नाही’ एवढ्यावर किल्ली टेकवून जाणाऱ्यांच्या तुलनेत हा कागद म्हणजे अर्धे निदान होते, म्हणून तो जॉब कार्डाला टाचून ठेवला आहे.

दिवाळीपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात आला आणि इंजेक्टर क्लीनिंग म्हणून टाकीत एक बाटली ओतण्यात आली. दिवा बारा दिवसांनी परत लागला.

स्कॅनरवर एकच कोड मिळाला, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड लगेच पुसला नाही, कारण त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची वाचने, पुसल्यावर निघून जाते आणि मला कोडपेक्षा तीच अधिक हवी होती. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे २,९६०, लोड ७८ टक्के, पाण्याचे तापमान ८९ अंश आणि वेग ताशी ५६ किलोमीटर होता. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीचे हे चित्र आहे आणि ते मास्तरांच्या कागदावरील पहिल्या ओळीशी तंतोतंत जुळते.

पी०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, ही चाल का पडली असावी हे कळते. स्कॅनरच्या मदत-पानावर संभाव्य कारणांच्या यादीत तो भाग असतो आणि तो दोन बोल्टांच्या श्रमात बदलून होतो. परंतु सिलिंडरमध्ये जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन उरला आहे, एवढेच तो सेन्सर सांगत असतो. तो का उरला हे त्याला ठाऊक नसते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकालाही ठाऊक नसते, कारण या गाडीच्या फ्यूल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाब मोजणारा सेन्सरच नाही. टाकीतला पंप तीन बार दाब देत आहे असे गृहीत धरूनच ईसीयू पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो.

आज पार्ट काहीही बदलला नाही. गाडी रात्रभर उभी ठेवली आहे.

२५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सकाळी सात वाजता इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फक्त ऑन करून वाचने घेतली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान एकमेकांपासून दोन-तीन अंशांहून दूर असता कामा नये. येथे १५ आणि १४ मिळाले आणि गॅरेजच्या भिंतीवरील थर्मामीटरही १४ दाखवत होता. पाण्याचा सेन्सर थंड इंजिनाला गरम म्हणू लागला, तर ईसीयू सकाळचे जादा पेट्रोल देत नाही आणि आयडलिंग थरथरते, म्हणून ही शंका आधी निकालात काढणे आवश्यक होते. पाच मिनिटांचे काम आहे, फक्त ते इंजिन गरम होण्याआधीच करावे लागते.

त्यानंतर मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो आणि स्कॅनरवर ९५ किलोपास्कल दिसले. माझ्या हाताखालचा मुलगा लगेच म्हणाला, “दादा, सेन्सर गेलाय. पुस्तकात १०१ दिलंय, आणि ॲपवर पण पुण्याचं १०१३ मिलिबार, म्हणजे तेच दाखवतंय.” प्रश्न चांगला होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि या उंचीवर हवेचा खरा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपासच असतो. हवामानाच्या ॲपवर दिसणारा आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे मुंबईला आणि पुण्याला तो जवळपास सारखाच दिसतो. सेन्सरला मात्र बॉनेटखाली जी हवा आहे तीच कळते. पुण्यात उभ्या गाडीचा मॅप १०१ दाखवू लागला, तर उलट त्याच्यावरच संशय घ्यावा. इंजिन सुरू करून गरम झाल्यावर आयडलिंगला ३४ किलोपास्कल मिळाले, तेही योग्य आहे.

या गाडीत हवा मोजण्याची पद्धत कोणती हे येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० गाडीतून बाजारात आलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिक यंत्रणेतला ‘डी’ हा जर्मन ‘ड्रुक’ म्हणजे दाब या शब्दातला आहे आणि १९७० च्या दशकातल्या एल-जेट्रॉनिकमधला ‘एल’ हा ‘लुफ्ट’ म्हणजे हवा या शब्दातला. पहिल्या पद्धतीत मॅनिफोल्डमधला दाब आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधतात, दुसऱ्या पद्धतीत आत जाणारी हवाच मोजतात. आपली गाडी पहिल्या घराण्यातली आहे. त्यामुळे व्हॅक्यूमचा पाइप चिरला आणि बाहेरची हवा आत शिरली, तर मॅनिफोल्डचा दाब वाढतो, मॅप सेन्सर तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू त्या हवेपुरते पेट्रोलही वाढवतो. मिश्रण फारसे लीन न होता आयडलिंगचे फेरे चढतात. हवा थेट मोजणाऱ्या गाडीत हीच चीर लीनचा कोड आणते. पी०१७१ म्हटले की व्हॅक्यूम लीक शोधत बसायचे ही सवय त्या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांवर हात बसलेल्यांची आहे. तरीही स्मोक मशीन लावून इनटेकमध्ये दहा मिनिटे धूर सोडला. कोठूनही बाहेर आला नाही.

फ्यूल ट्रिमची वाचने, म्हणजे ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतो आहे त्याचे आकडे, लघु (तात्पुरती) आणि दीर्घ (शिकून साठवलेली) यांची बेरीज करून अशी आली: आयडलिंगला अधिक ९, उभ्या गाडीत २,५०० फेऱ्यांना अधिक ११.

अधिक ९ पाहून दचकण्याचे कारण नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९ किलो. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ती साधारण १३.५ वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेला अधिक इंधन द्यावे लागते. २०११ साली ज्या गाडीचा पेट्रोलचा हिशेब आखला गेला तिला आज पंपावर मिळणारे ई-२० भरले, की ट्रिम चार ते सात टक्के वर जाऊन बसणे हे यंत्रणेचे काम चोख चालल्याचे लक्षण आहे. ॲव्हरेजही त्या प्रमाणात थोडे घटते. १७ चे १४ मात्र त्याने होत नाही.

नवा ऑक्सिजन सेन्सर काम करतो आहे; ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान नीट झुलतो. पण तो मूळ कनेक्टरचा नसून सार्वत्रिक प्रकारचा आहे आणि चारही वायरी पिळून, वर डाग देऊन, काळी टेप गुंडाळून जोडल्या आहेत. अशा अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या पीळातूनच आत मिळते आणि डागाचे कथील त्या वाटेत ओघळून बसते, म्हणून येथे डाग न देता क्रिंप करायचे, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडायचे असते. तो जोड सोडवून क्रिंप केला आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर बांधला.

२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आजची चाचणी रस्त्यावरची होती. उभ्या गाडीत हा दोष दिसणार नाही हे फ्रीझ फ्रेमनेच सांगितले होते.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, रेलमधला दाब उतरवला, मगच जोड उघडून दाब मोजणारा गेज बसवला. लांब नळीचा गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून वायपरखाली असा बांधला, की काच मध्ये राहील आणि पेट्रोलची नळी कोणत्याही परिस्थितीत केबिनमध्ये येणार नाही. जोड पाच मिनिटे चालू पंपावर पुसून पाहिला, थेंब नव्हता. अग्निशामक मागच्या सीटवर ठेवला. गेज आत घेऊन मांडीवर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसण्याचे मी टाळतो.

नवले पुलाखालची गर्दी ओलांडून कात्रजच्या जुन्या घाटाला लागलो. मी गाडी चालवत होतो, मुलगा स्कॅनर आणि गेज वाचून वहीत लिहीत होता. सपाटीवर दाब २.९ ते ३.० बार. घाटात तिसरा गिअर, एक्सिलरेटर निम्म्याच्या थोडा पुढे: २.६, मग २.४, आणि दुसऱ्या वळणानंतरच्या सरळ चढावर २.२. तेथे ट्रिम अधिक २४ वर पोहोचली. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, तीनऐवजी २.२ बार असतील, तर तेवढ्याच मिलिसेकंदात सुमारे १४ टक्के पेट्रोल कमी पडते आणि ते भरून काढण्यासाठी ईसीयूला सतरा टक्के वाढ करावी लागते. आयडलिंगला आधीच असलेले नऊ त्यात मिळवले, तर हिशेब जवळपास जुळतो.

वरच्या टप्प्यावर एकदा एक्सिलरेटर पूर्ण दाबला. अशा वेळी ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे सोडून मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि सेन्सरने ०.८ व्होल्टच्या वर स्थिर राहायला हवे. तो ०.१५ वर पडून राहिला. एवढे एक वाचन घेतले असते, तर मास्तरांचा सेन्सरचा खर्च वाचला असता, कारण सेन्सर खोटे बोलत नव्हता; इंजिनाला पेट्रोलच पोहोचत नव्हते.

खाली उतरताना दाब पुन्हा तीनवर आला. पेट्रोलची मागणी वाढली की पंप मागे पडतो, एवढे नक्की झाले.

२७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पंप दुबळा आहे की पंपाला मिळणारा विद्युतप्रवाह दुबळा आहे, हे ठरवल्याशिवाय नाना पेठेत पार्टच्या दुकानात फोन करायचा नाही असे ठरवले होते. इंधन पंपाचे पूर्ण मॉड्यूल महाग असते आणि एकदा पेट्रोल लागलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही, आणि त्याने का घ्यावा?

मागची सीट उचलली. पंपाच्या कनेक्टरच्या मागून मल्टीमीटरच्या सुया लावून, इंजिन चालू आणि हेडलाईट, ब्लोअर चालू ठेवून मोजले. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या दोन पिनांमध्ये ११.५. वाटेत २.४ व्होल्ट गायब होते. सप्लायच्या बाजूला फ्यूज, रिले आणि वायर मिळून ०.४ व्होल्टची घट मिळाली, जी या वयाच्या गाडीत मी स्वीकारतो. उरलेले २.० व्होल्ट अर्थिंगच्या बाजूला होते.

अर्थिंगचा बोल्ट मागच्या सीटच्या डाव्या कडेला गालिच्याखाली निघाला. गालिचा कोरडा दिसत होता, पण खालचा नमदा हाताला ओलसर लागला; डाव्या मागच्या दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात सुटले आहे आणि कित्येक पावसाळ्यांचे पाणी तेथूनच उतरले असणार. बोल्ट वरून चकचकीत होता. पान्याने सैल केल्यावर रिंग टर्मिनल हाताने सुटेना. स्क्रूड्रायव्हरची धार घालून उचलले, तेव्हा खालच्या पत्र्यावरचा रंग फोडासारखा फुगलेला होता आणि फोड फुटल्यावर विटकरी रंगाची पूड बोटांना लागली. टर्मिनलच्या आतील गोलावर फक्त एका बाजूला, नखाएवढ्या जागेत, तांब्याची चमक उरली होती. पंपाचा सगळा विद्युतप्रवाह तेवढ्या जागेतून जात होता.

ईसीयू इंजेक्टरच्या बाबतीत बॅटरीच्या व्होल्टेजची भरपाई करतो, कारण व्होल्टेज कमी असेल तर इंजेक्टरची सुई उशिरा उचलते आणि तेवढा वेळ वाढवून द्यावा लागतो. पण ती भरपाई ईसीयूच्या स्वतःच्या पिनेवर दिसणाऱ्या व्होल्टेजची असते. मागच्या सीटखाली पंपाला किती मिळते, हे त्याला कळण्याची सोय नाही.

पत्रा पॉलिश पेपरने उजळ होईपर्यंत घासला, टर्मिनल कापून नवे क्रिंप केले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस आणि रंग लावला. दाराचे रबर चिकटवले. फेरमोजणी: अर्थिंगची घट ०.१ व्होल्ट, पंपावर १३.४.

संध्याकाळी कात्रजला दुसरी फेरी मारली. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये दाब २.६५, ट्रिम अधिक १५. सुधारणा मोठी होती, पण पुरेशी नव्हती. येथे थांबण्याचा मोह झाला हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो; दिवा कदाचित लागलाही नसता आणि गाडी ‘झाली’ म्हणून देता आली असती.

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

मास्तरांना फोन करून काय सापडले ते सांगितले आणि टाकी उघडण्याची परवानगी घेतली. ते म्हणाले, “म्हणजे चार दिवसांत तुम्ही एकही पार्ट बदललेला नाही. मग बिल कसलं लावणार?” मी म्हटले, “काका, शोधण्याचंच लावणार. मागच्या वेळी पार्टचं दिलंत, पण शोधलं कोणीच नव्हतं.” ते थोडे थांबून हसले आणि ‘लावा’ म्हणाले. सगळेच हसत नाहीत. निदानाचे पैसे मागितले की ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते आणि चुकीचा पार्ट बदलून त्याचे पैसे घेतले तर वाटत नाही, या उलट्या हिशेबामुळेच कोड वाचून पार्ट बदलण्याची पद्धत टिकून आहे असे माझे मत आहे.

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल आहे याची खात्री केली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, चारही दारे आणि डिकी उघडी ठेवली आणि उजेडासाठी हॅलोजनऐवजी एलईडी विजेरी वापरली. झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने काढली, कारण झाकण उघडताना पडलेला एक चिमूटभर कचराही पुढे गाळणीतच जाऊन बसतो.

मॉड्यूल बाहेर आले तेव्हा पंपाच्या तळाची जाळी, म्हणजे स्ट्रेनर, मूळ पांढरी असावी हे फक्त शिवणीवरून कळत होते. बाकी सगळी तपकिरी झाली होती. बोटाने दाबल्यावर चिकट लागली आणि नव्या जाळीतून जसे पेट्रोल आरपार जाते तसे तिच्यातून जाईना. एका टोकाला थेंब साचून राहिला. मागणी कमी असताना पंप एवढ्यातूनही पुरेसे ओढतो, घाटात ओढू शकत नाही.

हा चिकटा ई-२० मुळे आला का, असे मुलाने विचारले. इथेनॉल जुना साका सोडवून आणते हे खरे आहे आणि वीस टक्क्यांचे मिश्रण फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले तेव्हा ही गाडी बारा वर्षांची होती, त्यामुळे टाकीत बसलेला थर सुटून जाळीवर आला असणे शक्य आहे. पण ही जाळी चौदा वर्षांत आणि शहाण्णव हजार किलोमीटरमध्ये कधीच बदललेली नाही. एका जाळीवरून इंधनावर खापर फोडणे मला पटत नाही.

पंप बाकावर चालवून पाहिला, आवाज एकसारखा, करंट मर्यादेत. पंप ठेवला, फक्त जाळी नवी घातली. झाकणाचे रबर सील जुनेच परत बसवले, ते दिसायला चांगले होते. (यावर ४ तारखेची नोंद पाहावी.)

१ डिसेंबर २०२५, सोमवार

आयडलिंगच्या अधिक ९ पैकी ई-२० चे पाच-सहा धरले, तरी तीन टक्क्यांचा हिशेब लागत नव्हता आणि सकाळची थरथर कायम होती, म्हणून इंजेक्टर बाहेर काढले. दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसच्या पॅकेजमध्ये इंजेक्टर क्लीनिंग विकण्याच्या मी विरुद्ध आहे. तपासणीत फरक दिसला तरच ते करावे.

चारही इंजेक्टरांच्या कॉइलचा रोध साडेबारा ओहमच्या जवळपास, म्हणजे विद्युत बाजूने निर्दोष. टेस्ट बेंचवर तीन बार दाबाने तीस सेकंद पूर्ण उघडे ठेवून काचेच्या नळ्यांत मोजले: ६९, ७०, ६१ आणि ६९ मिलिलिटर. तिसऱ्याचा फवारा तर पाहताच कळत होता. बाकीच्यांचा शंकू धुक्यासारखा पसरत होता आणि याच्यात मध्येच एक काचेच्या दोऱ्यासारखी धार सरळ खाली येत होती. थंड इंजिनात अशी धार बाष्प न होता भिंतीवर बसते आणि तो सिलिंडर मिसिंग करतो. चारांपैकी एकात बारा टक्के कमी म्हणजे एकूण सरासरीत तीन टक्के. तेच हिशेबात अडलेले तीन.

वरची बारीक गाळणी काढली, अल्ट्रासॉनिक टबमध्ये वीस मिनिटे पल्स देत ठेवले, नव्या गाळण्या बसवल्या आणि पुन्हा मोजले: ७०, ७१, ६९, ७०. गळतीसाठी दाब देऊन एक मिनिट बंद ठेवले, एकाही टोकाला थेंब आला नाही.

वरच्या आणि खालच्या ओ-रिंग नव्या घातल्या आणि स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट फिरवून सरळ दाबून बसवल्या. कोरडी ओ-रिंग पिळून बसते आणि चिरते.

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, कापडाने साफ केली, त्यातली पाकळी बोटाने ढकलली नाही, किल्ली बंद ठेवली. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या पद्धतीने आयडलिंगचे री-लर्निंग केले, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवले. ट्रिमची जुनी स्मृती पुसली.

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

कात्रजची तिसरी फेरी. चढावर दाब २.९५, ट्रिम अधिक ६, पूर्ण एक्सिलरेटरला ऑक्सिजन सेन्सर ०.८६ वर स्थिर. समाधानाने परतताना पंपावर टाकी पूर्ण भरली, आणि गॅरेजला पोहोचेपर्यंत केबिनमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला.

सीट उचलली तर झाकणाच्या कडेला ओल. २९ तारखेला टाकी पाव भरलेली असताना हे दिसण्याचे कारणच नव्हते. पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले रबर सील बाहेर काढले की फुगते, खाचेत पुरते बसत नाही आणि झाकण आवळताना एका बाजूला दुमडते. ते वाळवून आकसेपर्यंत वाट पाहणारेही आहेत, पण योग्य मार्ग नवे सील हाच आहे. हे मला माहीत होते. शनिवारी दुपारी दुकान बंद होते म्हणून जुने चालवून घेतले, ही चूक माझी. गाडी उघड्यावर ढकलत नेली, बॅटरी काढली, पेट्रोल निम्मे उपसले.

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

नवे सील बसवले, टाकी पुन्हा काठोकाठ भरली, गाडी धायरीच्या चढावर नाक वर करून दोन तास उभी केली, कडेभोवती पांढरा टिश्यू पेपर फिरवला. कोरडा. उपसलेले पेट्रोल आणि सीलचे पैसे बिलात लावलेले नाहीत.

पीयूसी जुनी अजून वैध होती, तरी मुद्दाम पुन्हा काढली. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, मिळाले ०.०३ आणि ४१. ऑक्टोबरमधल्या प्रमाणपत्रावरचे आकडेही मर्यादेतलेच होते, म्हणजे गाडी घाटात उपाशी असताना पीयूसीत उत्तीर्ण होत होती. त्यात नवल नाही. ज्या टेकडीवर कोथरूडचे लोक सकाळी फिरायला जातात तिला नाव देणाऱ्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर भाराखाली चालवून तपासतात. पीयूसी केंद्रावर ती उभी असते आणि उभ्या गाडीला पेट्रोल कमी पडत नव्हते.

मास्तर संध्याकाळी गाडी घेऊन गेले. जुनी जाळी, टर्मिनल आणि सील एका डब्यात घालून त्यांच्या हाती दिले.

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

गाडी साताऱ्याहून परतल्यावर ठरल्याप्रमाणे तपासणीला आली. मीटर ९६,७८०. कोड नाही, प्रलंबित कोडही नाही. दीर्घ ट्रिम आयडलिंगला अधिक ५, प्रवासातल्या नोंदीत अधिक ६. टाकी ते टाकी मोजलेले ॲव्हरेज १६.२. अर्थिंगची घट अजून ०.१ व्होल्ट. डाव्या मागच्या नमद्यात हात घालून पाहिला, कोरडा आहे. पण डिसेंबरात तो कोरडाच असणार, म्हणून दाराचे रबर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहायचे, अशी नोंद जॉब कार्डावर केली आहे.

मास्तरांनी या वेळीही कागद आणला होता. त्यावर एकच ओळ होती: खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये एसी बंद करावा लागला नाही.